चुन्याला न मानवणारा निळा

माझ्या नखांच्या कडेला अजून निळी रेघ आहे असं मी म्हणते, आणि मुलं म्हणतात, आई, ती शीर आहे. असेल बाई. पण एके काळी तिथं शीर नव्हती, निळाच होता, आणि तो बोईसरच्या कारखान्यातला होता. त्या निळ्यावरून आमच्या घरात आठ दिवस जे महाभारत झालं ते सांगते. ऐंशी सालाच्या थोडं अलीकडं-पलीकडं असेल. तारखा मला कधीच लक्षात राहिल्या नाहीत, रंग राहिले.

मी सातवी शिकलेली. लग्न होऊन उमरोळीला आले, तेव्हा बोईसरला कारखाने भराभर उभे राहत होते. उमरोळीहून बोईसर म्हणजे पुढचंच स्टेशन. गावातल्या चार-पाच बायका पॅकिंगला जायच्या, त्यांच्याबरोबर मीही गेले. कंपनीच्या फाटकावर मोठं इंग्रजी नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे म्हणायचे, निळी कंपनी. तिथले कुत्रेसुद्धा निळे होते, खोटं नाही सांगत. पावडरच्या गोण्यांवर झोपायचे ना.

काम असं होतं. एका पिंपात पिवळे खडे विरघळवायचे. दिसायला अगदी खडीसाखर, नुसती केशर घातलेली. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी तिला सांगायचं, हे तोंडात टाकायचं नाही. दुसऱ्या पिंपात हिराकस, लोखंडाचाच क्षार, तोच हिरवट, वाण्याकडं मिळतो तो. दोन्ही पाणी मोठ्या टाकीत सोडली की मला वाटलं आता निळं होणार. कसलं काय! फुटलेल्या दुधासारखा पांढरट चोथा व्हायचा. पहिल्या दिवशी मी मुकादमाला म्हटलं, "बिघडलं वाटतं." तो उत्तरेकडचा भय्या, हसून म्हणाला, "भाभी, सबर करो. अभी दूध है, शाम तक आसमान होगा." मग त्यात ॲसिड जायचं, वाफ सोडायची, आणखी एक क्षार पडायचा, आणि ढवळता ढवळता तो चोथा निळा, गर्द निळा, असा होत जायचा की बघत राहावं. गाळून, धुऊन, वाळवून वड्या निघाल्या की वर तांब्यासारखी झाक मारायची. तांब्याचा एक कण नाही हो त्यात! लोखंडच सगळं.

आमचे केमिस्टसाहेब पुण्याकडचे, तरुण, चष्मेवाले. बोलायचे पुस्तकासारखं, पण कुणी विचारलं की हातातलं काम टाकून सांगायचे. हा निळा जातो कुठं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, कार्बन पेपरमध्ये, रंगात, छापखान्याच्या शाईत. काळ्या शाईत थोडा हा घातल्याशिवाय वर्तमानपत्र नीट काळं दिसत नाही." आणि इंजिनियर लोकांचे निळे नकाशे, पांढऱ्या रेघांचे, तेही ह्याच घराण्यातले. म्हणजे इथले सगळे कारखाने आधी कागदावर आमच्या निळ्यात उभे राहिले, मग जमिनीवर. आणि पुढं म्हणाले, "अणुभट्टीतला एक विषारी धातू चुकून पोटात गेला ना, तर त्यावर औषध म्हणून हाच निळा खायला देतात. पुस्तकात आहे." मी मनात म्हटलं, घ्या. शेजारी तारापूरला अणुभट्टी आणि इकडं तिचं औषध, आणि आम्ही ते औषध केरसुणीनं झाडतोय.

वर्षभरात साहेबांनी मला पॅकिंगमधून उचलून त्यांच्या खोलीत घेतलं. कारण एकच, माझी नजर. नवा माल तेलात घोटून कागदावर पट्टा ओढायचा, शेजारी जुन्या मालाचा पट्टा, आणि बघायचं की दोन्ही एक आहेत की नाहीत. साहेबांना एक वाटायचे, मला नाही. "साहेब, हा जरा लालसर आहे." ते उन्हात नेऊन बघायचे, चष्मा पुसायचे, आणि म्हणायचे, "बाई, तुम्ही म्हणता तर आहे." आता तुम्हाला ह्यात काय वाटेल? पण आमच्या घरात आमटीत मीठ किती घालायचं हेही मला कुणी विचारत नसे. आणि इथं एक शिकलेला माणूस माझ्या एका शब्दावर अख्खी टाकी थांबवायचा. पगार सगळ्यांनाच मिळतो. हे मला कुठं मिळणार होतं?

घरी माझ्या सासूबाई. मोठ्या कर्तबगार. भात लावण्यापासून भात विकण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातात. माझे निळे हात बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात कायदा केला, "पिठाला हात लावायचा नाय. लोणच्याच्या बरणीला तर अजिबात नाय." मी दुःखी चेहरा केला. सांगते ना, आयुष्यात इतकं सुखाचं दुःख मी कधी केलं नाही. रोज कामावरून आले की मागच्या दारी धुण्याच्या सोड्यानं हात घासत बसायचे. सोडा लागला की हातावरचा निळा आधी हिरवट, मग पिवळट व्हायचा, मग निघायचा. तोवर भाकऱ्या झालेल्या असायच्या.

असं छान चाललं होतं. घोटाळा केला एका गोणीनं.

पिवळे खडे ज्या गोण्यांतून यायचे, त्या रिकाम्या झाल्या की आम्ही बायका धुऊन घरी न्यायचो. जाड, मजबूत. चुकीचंच होतं ते, आज कळतं. पण तेव्हा बोईसरच्या आसपास असं घर नव्हतं जिथं कंपनीची गोणी, कंपनीचं पिंप नाही. सासूबाईंनी त्या गोणीवर वर्षभर मिरच्या वाळवल्या, वाल वाळवले, पापड वाळवले. आणि एका शुक्रवारी, आमची सुट्टी शुक्रवारची, माकुणसारहून मामा आले. सासूबाईंचे थोरले भाऊ. सासरे गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. तालुक्याच्या कचेरीत नोकरी केलेली, इंग्रजी अक्षरं लावून वाचायचे.

अंगणात खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी पापडांच्या खालची अक्षरं लावायला घेतली. एक पापड उचलला, दुसरा उचलला. मग एकदम उभे राहिले.

"अगं ए, सायनाइड!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण आला?"

"आला नाय, तुझ्या पापडाखाली हाय! सोनार लोक जीभ लावतात आणि हु की चू न करता जातात, तेच हे! ही सून कुठल्या कारखान्यात धाडलीस तू?"

गोणीवर फेरोसायनाइड लिहिलं होतं, म्हणजे लोखंडाला बांधलेलं. सुरुवातीचं फेरो मामांनी वाचलंच नव्हतं. पण मामांना अर्धं वाचलंत असं सांगणारी मी कोण?

तरी मी सांगितलं. साहेबांनी मला समजावलं होतं, तसंच. "मामा, हे वेगळं. एका लोखंडाभोवती सहा सायनाइड हात धरून बसलेले असतात. लोखंड त्यांना सोडत नाही, म्हणून माणसाला काही होत नाही."

"सहा?" सासूबाई म्हणाल्या. "एक नाय, सहा?"

"पण बांधलेले आहेत, आई."

"बांधलेला बैलपण सुटतो गो."

"वर्षभर ह्याच गोणीवरचे पापड खाल्ले आपण. झालं का काही कुणाला?"

"माजे गुडगे कशानं दुकतात मग? मी म्हनत होती, वात नाय हा, काय तरी वेगळंच हाय."

मग मी अणुभट्टीवरच्या औषधाचंही सांगितलं. वाटलं होतं, आता तरी पटेल. मामा म्हणाले, "बघ, काट्यानं काटा काढतात. म्हंजे काटाच ना?" आणि कडक ॲसिडात फार तापवलं तर ते सहाजण खरंच हात सोडतात, हे साहेबांनी सांगितलेलं मी तेव्हा अर्थातच सांगितलं नाही. सगळं ज्ञान सगळ्यांना सोसत नाही.

मामांनी निकाल दिला, "काम बंद. एकदम नको, आठवडा भरू दे, कंपनीत सांगू दे. पुढच्या शुक्रवारी येतो मी. तोवर ही घरी बसलेली दिसली पायजे." आमच्या ह्यांच्याकडं मी बघितलं. हे गोठ्याच्या छपराकडं बघत होते. ते कायम कशाकडं तरी बघत असत. माणूस चांगला.

शनिवारपासून मी कामावर गेले, पण जीव थाऱ्यावर नाही. पट्टे ओढायचे आणि वाटायचं, अजून सहा दिवस. अजून पाच. आणि नेमकी दिवाळी तोंडावर, घराला चुना काढायचा होता. सासूबाईंनी कळीचा चुना पिंपात भिजत घातला, शिंदीचा देठ ठेचून कुंचला केला. दरवर्षी त्या वाण्याकडची नीळ चिमूटभर चुन्यात टाकत, म्हणजे पांढरा जरा खुलतो. माझ्या डोक्यात कल्पना आली. वाण्याची कशाला? आमच्या कंपनीतला निळा आणते. असा रंग गावात कुणाच्या भिंतीला नसेल. भिंत अशी आभाळासारखी दिसली, मामांनी बघितली, सासूबाईंनी शेजारणीला दाखवली, की सायनाइडची भीती जाईल पळून.

मुकादमाला विचारलं. त्यानं खाली सांडलेल्या झाडलोटीतली एक पुडी बांधून दिली. "ले जाओ भाभी, दिवाली है."

मंगळवारी पहिली पाळी करून दुपारी घरी आले, आणि कंबर कसली. निळा पाण्यात भिजता भिजेना, थोडी दारू शिंपडली की भिजतो हे कंपनीत पाहिलं होतं, तर कोपऱ्यातली मोहाची बाटली घेतली. सासूबाई म्हणाल्या, "आता भिंतीलापण पाजशील?" बादलीत चुना, त्यात निळा, ढवळला, आणि भराभर ओढायला लागले. काय दिसत होता! दर्शनी भिंत अर्धी झाली तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या दोघी थांबल्या. सासूबाईंनी कुंचला स्वतःच्या हातात घेतला. त्यांच्यात ते कौतुक असायचं.

चहा प्यायला बसलो. चहा पिऊन बाहेर आलो, तर भिंत हिरवी. मळकी हिरवी, शेवाळलेल्या टाकीसारखी. मी म्हटलं, वाळतेय म्हणून. दिवेलागणीला ती पिवळी पडली. नुसती पिवळी नव्हे, कुठं पिवळी, कुठं तपकिरी, मध्ये हिरवे ओघळ. बादलीतला उरलेला चुना बघितला, तर चहाचा गाळ.

सासूबाई भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. "इष भाईर आलं," म्हणाल्या. "मामा खोटं नाय बोलला. चुन्यानं इष भाईर काडलं. चुना खरा द्येव."

मला रडूच आलं. वरून म्हणतात, "तुज्या हातावर रोज ह्येच होत होतं. मी बघत होती."

आणि खरंच की हो! रोज सोड्यानं हात धुताना निळ्याचं पिवळं होताना मी बघत होते. वर्षभर. दोन मालांतला केसाएवढा फरक ओळखणारी मी! पण हात तो हात आणि भिंत ती भिंत, चुना आणि सोडा एकाच गोत्राचे, हे डोक्यात आलं नाही.

बुधवारी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं पुडीबद्दल रागावतील. ते पुडीबद्दल काहीच बोलले नाहीत, चुन्याबद्दल रागावले. "बाई! हा निळा चुन्यात टिकत नाही. चुना, सोडा, साबण, ह्यांच्यात तो फुटतो. दुकानातली नीळ वेगळी, आपला निळा वेगळा. दोघांचं फक्त तोंड सारखं."

"मग भिंतीवर आलं ते विष का, साहेब?"

"कसलं विष! सायनाइड अजून लोखंडालाच धरून आहे, ते पाण्यात गेलं. आणि बाकीचं लोखंड मोकळं झालं, त्याचा गंज तुमच्या भिंतीला लागला. गंज आहे तो. तुमच्या विळ्याला येतो तोच." मग हळहळून म्हणाले, "गंजाचाच रंग द्यायचा होता, तर वाण्याकडून मूठभर हिराकस आणून चुन्यात टाकायचा. हाच रंग आला असता. एवढा चांगला निळा घालवलात!"

मी खोलीत येऊन पट्टे ओढायला बसले. गंज. नुसता गंज. मग भिंत डाग डाग का दिसते? कारण मी निळा कच्चा असतानाच फासला. अर्धा भिंतीवर फुटला, अर्धा बादलीत. हा सगळा आधीच पिंपात फुटू दिला तर? पूर्ण फुटू दिला, गाळला, आणि मग एकसारखा ओढला तर? शेडचं, म्हणजे छटा जुळवायचं काम मला येत होतं हो, निळ्याचं असो की गंजाचं.

गुरुवारी पहाटे कामावर जायच्या आधी उरलेली पुडी पिंपातल्या चुन्यात टाकून ढवळली आणि झाकून गेले. दुपारी आले तर हिरव्याचा मागमूस नाही. जुन्या लुगड्यातून गाळलं. शेणाच्या गोवरीवर एक बोट ओढलं, उन्हात धरलं, आणखी पांढरा चुना घातला, परत ओढलं. साहेबांच्या खोलीत करायचे तसंच. सासूबाई उंबऱ्यात बसून वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "अजून इष काडतेस काय?" मी म्हटलं, "निघालं सगळं. आता फक्त रंग राहिलाय." दोन हात मारले. संध्याकाळपर्यंत सगळी दर्शनी भिंत आणि ओटीची आतली बाजू, एकसारखी. कुठं ओघळ नाही. सायीवर बदाम उगाळून फिरवावा तसा रंग. सासूबाईंनी भिंतीला नख लावलं, नखाचा वास घेतला, आणि आत गेल्या.

शुक्रवारी मामा आले. फाटकातच थांबले. पायातली चप्पल काढायची विसरले.

"हा रंग कुठला?"

मामा भिंतीजवळ आले.

"अगं, बोईसरला ते नवे बंगले झालेत ना साहेब लोकांचे, त्यांचा आसाच हाय. बदामी म्हनतात त्याला. मी चौकशी केली होती, डब्यातला येतो, मुंबईहून आणावा लागतो. तुमी कुठून आणला?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सासूबाईंकडं. विष बाहेर आलं म्हणणारी बाई ती, तीन दिवसांपूर्वी ह्याच भिंतीसमोर. आणि काय म्हणाव्यात?

"सूनबायच्या कंपनीतला हाय. आसातसा मिळत नाय."

"कंपनीत हापण होतो?"

"नाय होत," सासूबाई म्हणाल्या. "हिलाच येतो. दोन दिवस ढवळत होती."

मामा भिंतीला टेकून बघतात, हात फिरवतात, हाताकडं बघतात. सहाही सायनाइड त्या क्षणी कुठं गेले कोण जाणे. खुर्चीवर बसून पाणी पिऊन झाल्यावर घसा साफ केला. "आमच्या माकुणसारच्या घराला पायजे हा. पुढच्या वैशाखात धाकट्याचं लग्न हाय. होईल?"

इथं मी एक केलं, ते आज लिहिते. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. वाण्याकडचा हिराकस माझ्या जिभेच्या टोकावर होता. पालघरच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो, मूठभर चुन्यात टाका, झाला बदामी. कंपनी नको, निळा नको, सून नको. साहेबांनी सांगितलेलं एक वाक्य, ते मी मामांना सांगायला हवं होतं. खरं सांगायला शिकवलं होतं मला माझ्या आईनं. मी पदराला हात पुसले आणि म्हटलं,

"मामा, मी कंपनीत असले तर आणीन. पण आजपासून तर काम बंद ना?"

मामांनी छपराकडं बघितलं. आमचे हे आधीपासून तिकडंच बघत होते.

"तसं मी काय बंदच कर म्हणालो नव्हतो," मामा म्हणाले. "जपून कर म्हणालो होतो."

"आनि जीभ लावू नको," सासूबाई म्हणाल्या. मग मामांना पोहे वाढता वाढता, माझ्याकडं न बघताच, "उद्या पयली पाळी हाय ना गो तुजी? मग वाल आता सोलून ठेव. सकाळी माज्यानं नाय व्हायचं."

मी खाली बसून वाल सोलायला घेतले.